पांढऱ्या कागदामागचं एन्झाइम: सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

म्युनिकहून उत्तरेकडे जाणाऱ्या यू-६ मेट्रोचा शेवटचा थांबा म्हणजे गार्चिंगचं संशोधन केंद्र. तिथे अंड्याच्या आकाराचा एक घुमट आहे. १९५७ साली सुरू झालेली जर्मनीची पहिली संशोधन अणुभट्टी त्याच्याखाली होती, आणि तो आज गार्चिंगच्या नगरचिन्हावरही आहे. तिची जागा घेणारी नवी भट्टी २००४ मध्ये पहिल्यांदा चालू झाली. गार्चिंगची ओळख आहे ती न्यूट्रॉनसाठी, कागदासाठी नव्हे. तरीही कागदाचा लगदा कमी क्लोरीनमध्ये पांढरा करायला मदत करणारं एक एन्झाइम समजून घेण्यात इथल्या संशोधकांचा वाटा आहे. या एन्झाइमविषयी अवाजवी अपेक्षा आहेत आणि अवाजवी शंकाही. दोन्हींमुळे एका उपयोगी तंत्राचं नुकसान होतं.

गैरसमज १: एन्झाइम लगदा पांढरा करतं.

वस्तुस्थिती: लाकूड किंवा बांबू तीव्र क्षारात शिजवला की त्यातलं बरंचसं लिग्निन निघून जातं. जे उरतं त्यामुळे लगदा तपकिरी दिसतो. ते उरलेलं लिग्निन काढणं म्हणजे विरंजन. शिजवताना झायलान नावाची साखरेच्या रेणूंची साखळीही विरघळते, आणि क्षाराचा जोर ओसरला की तिचा काही भाग पुन्हा तंतूंवर येऊन बसतो. या थराखाली आणि थरात लिग्निन अडकून राहतं. झायलानेज हे एन्झाइम ती साखळी जागोजागी तोडतं आणि लिग्निनला बाहेर पडायला वाट मिळते. करपलेलं पातेलं घासण्याआधी भिजत घालावं, तसंच हे. घासण्याचं काम मात्र पुढच्या टप्प्यातली रसायनंच करतात. फिनलंडच्या व्हीटीटी या संशोधन संस्थेत लिसा विकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ही कल्पना जगापुढे मांडली.

गैरसमज २: एन्झाइम वापरलं की क्लोरीनची गरज संपते.

वस्तुस्थिती: गरज संपत नाही, कमी होते. लगद्याचा प्रकार आणि गिरणीची पद्धत यांनुसार क्लोरीनयुक्त रसायनांची बचत साधारण १० ते २० टक्क्यांच्या आसपास असते. आकडा छोटा वाटतो, पण त्याचं मोल कळायला सांडपाण्याकडे पाहावं लागतं. लगदा शिजवल्यावर उरणारं काळं द्रावण गिरणी स्वतःच्या बॉयलरमध्ये जाळते आणि त्यातून ऊर्जा व रसायनं परत मिळवते. विरंजनाच्या पाण्यात क्लोराइड असतं, ते बॉयलर गंजवतं. त्यामुळे हे पाणी सहसा परत फिरवता येत नाही, ते प्रक्रिया करून बाहेर सोडावं लागतं. क्लोरीन आणि लिग्निन यांच्या संयोगातून बनलेली सेंद्रिय संयुगं याच पाण्यात असतात. १९८०च्या दशकात कागद गिरण्यांच्या सांडपाण्यात डायऑक्सिन सापडल्यावर जग हादरलं ते यामुळेच.

त्यानंतर बहुतेक गिरण्या क्लोरीन वायू सोडून क्लोरीन डायऑक्साइडकडे वळल्या. ऑक्सिजन, ओझोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून क्लोरीन पूर्णपणे टाळणाऱ्या गिरण्या थोड्या आहेत. म्हणून पाकिटावर ‘एलिमेंटल क्लोरीन फ्री’ छापलेलं असलं, तर त्याचा अर्थ फक्त क्लोरीन वायू वापरला नाही इतकाच. लॅकेजसारखी काही एन्झाइम लिग्निनवर थेट चालतात, पण हा रेणू तंतूच्या सूक्ष्म छिद्रांत शिरण्याइतका लहान नसतो. त्याला एका मध्यस्थ रसायनाची जोड लागते, आणि त्या मध्यस्थाची किंमत हीच त्याच्या वाटेतली मोठी अडचण ठरली आहे.

गैरसमज ३: हे थंड देशांतल्या लाकडासाठीचं तंत्र आहे, आपल्या बांबूला त्याचा उपयोग नाही.

वस्तुस्थिती: उलट आहे. स्प्रूस, पाइन यांसारख्या सूचिपर्णी झाडांत झायलान कमी असतं. नीलगिरी, बांबू, उसाची चिपाडं, गव्हाचं काड यांत ते भरपूर असतं. झायलान जास्त, तिथे झायलानेजला काम जास्त. बल्लारपूरच्या कागद गिरणीमुळे बांबू आणि कागदाचं नातं विदर्भाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भारतीय कच्च्या मालाचा स्वभाव या एन्झाइमला अनुकूल आहे, आणि गरजही मोठी आहे. पर्यावरण रक्षणाविषयीच्या २००३ च्या राष्ट्रीय सनदेनुसार देशातल्या मोठ्या कागद गिरण्यांनी सांडपाण्यातली क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगं दर टन कागदामागे आधी १.५ किलोपर्यंत आणि मग १ किलोपर्यंत खाली आणायची होती.

गैरसमज ४: एन्झाइम तंतू खातं, त्यामुळे कागद कमजोर होतो.

वस्तुस्थिती: ही भीती निराधार नाही, पण तिचं कारण वेगळं आहे. कागदाची ताकद सेल्युलोजमध्ये असते आणि झायलानेज सेल्युलोजला हात लावत नाही. धोका असतो तो भेसळीचा: अनेक बुरशी आणि जिवाणू झायलानेजबरोबर सेल्युलेजही बनवतात आणि ते तंतू तोडतं. म्हणून सेल्युलेजमुक्त झायलानेजचा शोध महत्त्वाचा ठरला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एम. सी. श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात चेनिया या सूक्ष्मजीवापासून असं एन्झाइम मिळवलं. याच प्रयोगशाळेतल्या नीता कुलकर्णी, अभय शेंड्ये आणि माला राव यांचा झायलानेजवरचा १९९९ चा आढावा या विषयातल्या अभ्यासकांनी जगभर वाचला. झायलानेजच्या वापराने लगद्याच्या वजनात थोडी घट होते आणि धुतलेल्या पाण्यात साखरेचा अंश वाढतो, हेही खरं. पण ही साखर सांडपाणी प्रकल्पातले जिवाणू सहज पचवतात. क्लोरीनयुक्त संयुगं त्यांना इतकी सहज पचत नाहीत.

गैरसमज ५: एन्झाइम म्हणजे जंतू, नदीत गेले तर वाढत जातील.

वस्तुस्थिती: एन्झाइम हे प्रथिन आहे. ते सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलं जातं, पण स्वतः जिवंत नसतं आणि वाढत नाही. विरंजनाच्या उष्ण, क्षारीय टप्प्यांत त्याची घडी मोडते आणि निसर्गात त्याचं विघटन होतं. काळजी घ्यायची ती कामगाराची. एन्झाइमची कोरडी पूड श्वासातून गेली तर ॲलर्जी होऊ शकते. म्हणून द्रवरूप एन्झाइम वापरणं आणि मास्क देणं आवश्यक आहे.

गैरसमज ६: एन्झाइम बाजारात मिळतं, मग शोधण्यासारखं काय उरलं?

वस्तुस्थिती: बरंच. गिरणीत शिजून आलेला लगदा गरम आणि क्षारीय असतो. बुरशीपासून मिळणारी बरीच झायलानेज मात्र सौम्य आम्लात आणि ५० अंशांच्या आसपासच चांगली चालतात. अशा वेळी लगद्यात आम्ल घालावं लागतं, त्याला थंड करावं लागतं, आणि बचतीतला काही भाग तिथेच खर्च होतो. क्षारात आणि उष्णतेत टिकणारं एन्झाइम घडवायचं, तर ते साखळी नेमकी कशी तोडतं हे कळायला हवं. या तोडण्यात एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक, इकडून तिकडे जातो. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवरून विखुरतात आणि हायड्रोजनपाशी एकच इलेक्ट्रॉन असतो, त्यामुळे तो त्यांना जेमतेम दिसतो. न्यूट्रॉन अणुकेंद्रावरून विखुरतात, त्यांना हायड्रोजन दिसतो. गार्चिंगच्या भट्टीजवळचं बायोडिफ हे उपकरण प्रथिनांच्या स्फटिकांसाठी याच कामाचं आहे. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ आणि युलिशचं संशोधन केंद्र ते मिळून चालवतात.

२०१५ मध्ये अमेरिकी आणि गार्चिंगच्या संशोधकांनी मिळून एका झायलानेजचा न्यूट्रॉन अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसलं, की एन्झाइममधला एक ग्लुटामिक आम्लाचा अवशेष दोन स्थितींमध्ये झुलतो. खाली वळला की प्रोटॉन घेतो, वर वळला की तो साखळीच्या दुव्याला देऊ शकतो. अशा अवशेषाशेजारचं एकच अमिनो आम्ल बदललं तर एन्झाइमला मानवणारी आम्लता सरकते, हे आधीच्या प्रयोगांतून माहीत होतं. का सरकते याचं उत्तर प्रोटॉनच्या हालचालीत आहे, आणि गिरणीला मानवेल असं एन्झाइम घडवण्याचा रस्ता त्या उत्तरातूनच जातो.

गैरसमज ७: जितका पांढरा, तितका चांगला कागद.

वस्तुस्थिती: पांढरेपणाचे शेवटचे काही अंश मिळवायला जास्तीचे टप्पे आणि जास्तीची रसायनं लागतात. झेरॉक्सच्या कागदाची निळसर चकाकी तर बहुतेक वेळा वेगळ्या रंगउजळ रसायनांची असते. कागदाच्या ताकदीशी किंवा टिकाऊपणाशी तिचा संबंध नाही. शाळेची वही, कार्यालयातली टिपणं, जाहिरातीचं पत्रक यांना एवढी चकाकी लागत नाही. जर्मनीत पुनर्वापराच्या कागदावर ‘ब्लाउअर एंगेल’ हे पर्यावरण-चिन्ह असतं आणि त्या थोड्या करड्या कागदावर रोजचं काम बिनदिक्कत होतं.

जे रसायन लगद्यात घातलंच नाही, ते पाण्यातून काढावं लागत नाही. झायलानेजचं महत्त्व एवढ्यातच आहे, आणि ते पुरेसं आहे. गिरण्यांनी ते वापरावं, प्रयोगशाळांनी ते सुधारावं, आणि शाळा, कार्यालयं व प्रकाशकांनी खरेदीच्या वेळी कमी पांढरा कागद मागावा. या तिन्ही गोष्टी एकत्र झाल्या तर १० ते २० टक्क्यांची बचत कितीतरी पुढे जाईल.