गोंगाटातले चुंबकत्व

शिरपूर जैनला लोक येतात ते अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला. गावाभोवतीच्या काळ्या पाषाणाकडे कुणाचे लक्ष जात नाही. विहीर खणताना मुरमाखाली लागणारा हा दगड म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली.

ती दिशा वाचायची म्हणजे आधी गोंगाट बाजूला सारायचा. दगडावर आजच्या क्षेत्राचे संस्कार असतात, माळावर वीज पडली असेल तर तिचेही असतात. म्हणून खडकातून इंचभर जाडीची नळकांडी कापतात आणि टप्प्याटप्प्याने तापवतात. उसने, कच्चे चुंबकत्व आधी उडून जाते. 580 अंश सेल्सिअसला मॅग्नेटाइट सगळेच विसरतो. त्याच्या थोडे अलीकडे जे शिल्लक राहते, ते खरे जुने.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या पाषाणाचा असा अभ्यास केला. या अभ्यासांतून निघालेली गोष्ट आजही थक्क करते: पठारावरच्या बऱ्याचशा थरांची दिशा आजच्या उलट आहे, आणि लाव्हा ओतला गेला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती!

सहस्रबुद्धे यांच्या काळच्या चुंबकमापकात बारीक धाग्याला दोन चुंबक एकावर एक, उलट दिशांना टांगलेले असत. पृथ्वीचे क्षेत्र दोघांना सारख्याच जोराने उलटसुलट वळवू पाही, म्हणून जोडी जागची हलत नसे. खालच्या चुंबकाजवळ दगड आणला की मात्र ती वळे. लांबचे कापायचे आणि जवळचे ठेवायचे, ही या शास्त्रातली सगळ्यात मोलाची युक्ती, असे मला वाटते.

गोंगाट टाळण्याचा दुसरा मार्ग पळ काढण्याचा. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. 1859 चे प्रचंड सौर वादळ तिथे टिपले गेले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले आणि त्यांच्या विजेने नोंदी बिघडण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा संचालक नानाभाई मूस यांनी वेधशाळा अलिबागला हलवली. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापे घेऊन नोंदींचा सांधा जुळवला. आपला काळा दगड स्वतःच चुंबकीय, म्हणून इमारतीला पोरबंदरचा दगड आणला. ट्राम 1907 मध्ये धावली. तोवर उपकरणे खाडीपलीकडे सुरक्षित होती. इतकी दूरदृष्टी आजही दुर्मीळच.

पण रुग्णाचा मेंदू तपासायचा तर पळणार कुठे? मेंदूचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे चाळीस कोटी भागांतला एक भाग. तिथे स्क्विड लागतो: अतिवाहक धातूचे इवलेसे कडे, त्यात दोन ठिकाणी अतिशय पातळ विद्युतरोधक थर. हा थर ओलांडून इलेक्ट्रॉनच्या जोड्या जातात, हे ब्रायन जोसेफसन यांनी 1962 मध्ये सांगितले. 1964 मध्ये अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत कडे तयार झाले. कड्यातून जाणारे चुंबकत्व किंचित बदलले की त्यावरचा विद्युतदाब चढतो-उतरतो.

इतके तीक्ष्ण कान लिफ्टही ऐकतात आणि रस्त्यावरची मोटारही. म्हणून कड्याला जोडलेले वेटोळे दोन भागांत, उलटसुलट गुंडाळतात. लिफ्टचे क्षेत्र दोन्ही भागांना जवळजवळ सारखे मिळते आणि कापले जाते. डोक्याजवळच्या भागाला मेंदूचे क्षेत्र जास्त मिळते, ते उरते. धाग्यावरच्या त्या उलट्या चुंबकांचीच ही रीत. भोवती विशेष मिश्रधातूच्या भिंतींची खोली असते ती वेगळी. कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने असे स्क्विड देशातच घडवले, ही अभिमानाची बाब आहे. दगडांच्या प्रयोगशाळांतही, तापवून झाल्यावर उरलेला क्षीण अंश मोजायला आता स्क्विड वापरतात.

अडचण थंडीची. नायोबियमचे कडे उणे 269 अंशांच्या द्रव हीलियमात ठेवावे लागते आणि हीलियम महाग. 1987 नंतर मात्र द्रव नायट्रोजनच्या उणे 196 अंशांवर चालणारे अतिवाहक मिळाले. ऑस्ट्रेलियात त्यांचे स्क्विड उघड्या माळावर धातूंची खनिजे शोधतात. द्रव नायट्रोजन आपल्या ग्रामीण भागाला नवा नाही. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात. शिरपूरच्या शिवारात असे मोजमाप करायचे झाले, तर थंडावा तालुक्यात मिळेल. गाठावी लागेल ती कृषिपंपांची वीज बंद असण्याची वेळ.