पॉवर ओव्हर इथरनेट

पॉवर ओव्हर इथरनेट (संक्षेपाने पीओई) ही संगणकजाळ्याच्या एकाच केबलमधून विदा आणि वीज दोन्ही पोहोचविण्याची पद्धत होय. गच्ची, खांब, कुंपणभिंत अशा उघड्या जागी बसविलेल्या वायफाय ॲक्सेस पॉइंटसाठी ती विशेष सोयीची आहे. कारण तेथवर २३० व्होल्टचा स्वतंत्र वीजजोड नेणे खर्चिक आणि पावसात धोक्याचे असते.

कार्यपद्धती

इथरनेट केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा, पीळ घातलेल्या चार जोड्यांच्या रूपात असतात. विदेचे संकेत एका जोडीतील दोन तारांच्या विद्युतदाबांमधील फरकावरून वाचले जातात. वीज पाठविताना मात्र जोडीतील दोन्ही तारांचा दाब सारखाच वाढविला जातो आणि परतीचा मार्ग दुसऱ्या जोडीतून दिला जातो. फरक कायम राहत असल्याने विदेच्या वहनात अडथळा येत नाही.

वीज पीओई स्विचमधून किंवा साध्या स्विचला जोडलेल्या इंजेक्टरमधून मिळते. प्रमाणित स्रोत एकदम पूर्ण दाब सोडत नाही. प्रथम सुमारे १० व्होल्टपर्यंतचा अल्प दाब देऊन पलीकडे २५ किलोओहमच्या आसपासचा ठरावीक रोध आहे काय, हे तो तपासतो. तो आढळला तरच ४४ ते ५७ व्होल्टचा एकदिश पुरवठा सुरू होतो. म्हणूनच त्याच पोर्टला चुकून संगणक जोडला तरी त्याला इजा होत नाही.

मानके आणि वीजहानी

आयईईई ८०२.३एएफ या २००३ च्या मानकानुसार स्रोत १५.४ वॅट देतो, पण उपकरणाला १२.९५ वॅटचीच हमी असते. हिशेब सरळ आहे: ४४ व्होल्ट आणि ०.३५ अँपिअर यांचा गुणाकार १५.४ वॅट. १०० मीटर केबलच्या जाण्यायेण्याचा रोध २० ओहम धरल्यास २.४५ वॅट उष्णतेच्या रूपाने वाटेतच खर्च होतात. २००९ च्या ८०२.३एटी मानकाने हे आकडे ३० व २५.५ वॅट केले; २०१८ च्या ८०२.३बीटीने चारही जोड्या वापरून ते ९० व ७१.३ वॅटपर्यंत नेले.

वीज अपुरी पडल्यास कित्येक ॲक्सेस पॉइंट बंद न पडता रेडिओची शक्ती कमी करतात किंवा वारंवार पुन्हा सुरू होतात, आणि दोष वायफायच्या माथी मारला जातो. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलमध्ये रोध अधिक असल्याने ही तक्रार बळावते.

निष्क्रिय पीओई या अप्रमाणित प्रकारात, बहुधा २४ व्होल्टचा, पुरवठा कोणतीही तपासणी न करता सतत चालू असतो. जोडाची खोबण तीच असल्याने घोटाळा सहज होतो आणि भलतेच उपकरण जोडल्यास ते जळू शकते.

बाह्य जोडणी

इंजेक्टर शक्यतो इमारतीत, कोरड्या जागी ठेवतात. त्याचे विदेचे पोर्ट स्विचला व पीओईचे पोर्ट ॲक्सेस पॉइंटला जोडले जाते. घरातील वापराच्या केबलचे आवरण उन्हाने तडकते. त्यामुळे बाहेर अतिनील किरणांना टिकणारे पॉलिथिलीनचे आवरण लागते. केबल उपकरणात वा भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ देतात, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकते. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु जोडात पाणी शिरल्यास एकदिश विजेमुळे संपर्कबिंदू झपाट्याने गंजतात.

विजांच्या कडकडाटात लांब केबलमध्ये मोठा दाब प्रवर्तित होऊ शकतो. त्यासाठी केबल इमारतीत शिरते तेथे पीओईला चालणारा सर्ज प्रोटेक्टर लावून त्याला अर्थिंग देतात. अर्थिंगवाचून तो निरुपयोगी ठरतो. दोन इमारतींमधील अंतर १०० मीटरपेक्षा अधिक असल्यास विदेसाठी प्रकाशतंतू वापरून वीज पलीकडच्या इमारतीतूनच दिली जाते.