आधी पेटंट, मग शोधनिबंध

विद्यापीठातील संशोधकाला नवे काही गवसले की त्याची पहिली ओढ असते ती शोधनिबंधाकडे. बढती, अनुदान, विद्वानांमधील मान्यता या साऱ्यांचा आधार तोच असतो. मात्र त्या शोधातून एखादा उद्योग उभा राहावा असे वाटत असेल, तर निबंध छापण्याआधी एक पायरी चढावी लागते आणि नेमकी तीच अनेकदा चुकते.

पेटंटची मूळ अट नावीन्याची आहे. अर्ज दाखल होण्यापूर्वी तो शोध जगात कोठेही प्रसिद्ध झालेला नसावा. ही प्रसिद्धी खुद्द संशोधकाने केली असली, तरी नियम बदलत नाही. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३१ नुसार केंद्र सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध यांना बारा महिन्यांची सवलत मिळते. सर्वसाधारण नियतकालिकात छापलेल्या निबंधाला ती लागू नाही. 'शोधगंगा'वर चढवलेला पीएचडीचा प्रबंधही सर्वांसाठी खुला होतो, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

या चुकीची किंमत स्टॅनफर्ड विद्यापीठाने मोजली आहे. स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी जनुके जोडण्याच्या तंत्राविषयीचा निबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यापीठाने अर्ज केला तो नोव्हेंबर १९७४ मध्ये, अमेरिकेतील एक वर्षाची सवलत संपण्याच्या अगदी तोंडावर. अमेरिकेतील हक्क वाचले; इतर देशांतील मात्र गेले. उरलेल्या हक्कांवरही १९९७ पर्यंत चारशेहून अधिक कंपन्यांनी परवाने घेतले आणि सुमारे २५ कोटी डॉलर जमा झाले.

हाच नियम कधी आपल्या बाजूनेही उभा राहतो. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले होते. हे ज्ञान पूर्वीपासून लिखित स्वरूपात असल्याचे पुरावे देऊन सीएसआयआरने ते १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. त्या वेळी संस्थेचे महासंचालक होते गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर.

योग्य क्रम अवघड नाही. संशोधकाने प्रथम विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा कक्षाला शोधाची लेखी माहिती द्यावी. शोध नवा आणि उपयोगी ठरल्यास तात्पुरता अर्ज दाखल करता येतो. त्यामुळे अग्रक्रमाची तारीख निश्चित होते आणि सविस्तर तपशील देण्यास बारा महिने मिळतात. त्यानंतर निबंध निर्धास्तपणे छापावा. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे खर्चाची सबबही पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

पुढे उद्योगाला परवाना देताना पेटंट विद्यापीठाच्याच नावे राहू शकते. कंपनी वापराच्या मोबदल्यात स्वामित्वशुल्क देते. संशोधनाचा खर्चच कंपनी करणार असेल, तर तीन गोष्टी करारात आधीच स्पष्ट हव्यात: मालकी कोणाची, उत्पन्नाची वाटणी कशी आणि निबंध किती काळ रोखून धरायचा. तिसऱ्या मुद्द्याकडे दुर्लक्ष झाले, तर सर्वाधिक झळ बसते ती विद्यार्थ्याला. कारण पदवीच त्या निबंधावर अडून राहते.