वारंवार निकामी होणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचे निदान

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीतील ऑक्सिजन सेन्सर हा बोटाच्या पेराएवढ्या टोकाचा, सायलेन्सरच्या पाइपात आट्यांनी कसलेला भाग असून, जळून बाहेर पडणाऱ्या वायूंत किती ऑक्सिजन शिल्लक राहिला आहे हे तो इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला, सतत कळवत असतो. त्या माहितीवरून ईसीएम पेट्रोल कमी-जास्त करून हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास राखतो. कारण याच अरुंद पट्ट्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा पुढचा भाग कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही घातक द्रव्यांचा एकाच वेळी बंदोबस्त करू शकतो. बॉश कंपनीने विकसित केलेला हा सेन्सर १९७६ साली व्होल्व्होच्या मोटारींत प्रथम बसवला गेला. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे निकष लागू झाल्यानंतर तो दुचाकींतही सर्रास आला.

हा सेन्सर एकदा बिघडणे ही साधी झीज असू शकते. परंतु नवा सेन्सर बसवल्यावर डॅशबोर्डवरील ‘चेक इंजिन’चा दिवा विझतो, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पेटतो, आणि पुन्हा नवा सेन्सर आणला जातो, असा क्रम सुरू झाला की दुसरा बिघाड हा पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक बोलका पुरावा ठरतो. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी तो पुरावा पहिल्या दहा मिनिटांतच पुसला जातो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडून दोषाचा संकेतांक वाचला जातो आणि लगेच ‘इरेज’चे बटण दाबले जाते, त्याबरोबर दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे तापमान, गाडीचा वेग आणि इंजिनावरचा भार काय होता, याची ईसीएमने जपून ठेवलेली नोंदही नाहीशी होते. बिघाड सकाळी गार इंजिनावर झाला की महामार्गावर तासभर धावल्यावर झाला, एवढे कळले तरी निम्मा शोध संपतो, म्हणून ही नोंद कागदावर उतरवून घेतल्याखेरीज संकेतांक पुसणे हा निष्काळजीपणाच मानला पाहिजे.

संकेतांकाचा अर्थही नीट लावावा लागतो. ‘पी ०१७१’ हा संकेतांक मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचे सांगतो, सेन्सर बिघडल्याचे नव्हे. सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरच्या सांध्याला बारीक चीर गेली असेल, तर वायूच्या दोन ठोक्यांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. एखादा प्लग मिसिंग करत असेल, तर त्या सिलिंडरातला ऑक्सिजन न वापरताच बाहेर येतो. दोन्ही प्रसंगी सेन्सर खरेच सांगत असतो, आणि त्यालाच शिक्षा होते. ‘पी ०१३५’ हा संकेतांक मात्र सेन्सरच्या आत बसवलेल्या हीटरच्या विद्युत मंडलाविषयी असतो, आणि पुन्हा पुन्हा सेन्सर बदलण्याची वेळ ज्यांच्यावर येते अशा अनेक गाड्यांची कहाणी या हीटरपाशी येऊन थांबते.

हीटर कशासाठी असतो हे समजण्यासाठी सेन्सरच्या गाभ्याकडे पाहावे लागते. झिरकोनिया या चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाच्या अंगुस्तानाच्या आकाराच्या टोपीवर दोन्ही बाजूंनी प्लॅटिनमचा पातळ थर दिलेला असतो. बाहेरच्या अंगाला जळालेले वायू लागतात, आतल्या अंगाला बाहेरची स्वच्छ हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत, तितका विद्युतदाब निर्माण होतो: पेट्रोल जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, कमी असेल तर सुमारे ०.१. मात्र झिरकोनियातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागण्यासाठी तो सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापावा लागतो. ज्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या समीकरणावर हे सारे उभे आहे, त्या वाल्टर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झिरकोनियाचाच विजेचा दिवा बनवला होता, आणि तोही आधी तापवल्याशिवाय उजळत नसे.

हीटरची पहिली तपासणी सोपी आहे. सेन्सरच्या तारांचा कपलर सोडवून मल्टिमीटरने गार हीटरचा रोध मोजला असता तो काही ओहम भरायला हवा. मीटरने अनंत दाखवले तर आतली तार तुटली आहे. खरी फसगत त्यानंतर होते. वायरमन कपलरवर १२ व्होल्ट येतात का हे पाहतो, येतात असे दिसले की वायरिंग निर्दोष ठरवतो. परंतु उंदराने कुरतडलेल्या किंवा कोकणातल्या खाऱ्या पावसाळी हवेत हिरव्या पडलेल्या तारेचा एकच धागा शाबूत असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मीटर जवळपास प्रवाहच ओढत नाही. त्याऐवजी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब कपलरवरच्या हीटरच्या दोन टोकांना थेट बॅटरीच्या पुरवठ्यावर लावून पाहिला, तर पावणेदोन अँपिअरच्या ओझ्याखाली तो मंद जळतो आणि तारेतला दोष उघडा पडतो. किरकोळ किमतीच्या बल्बाने महागड्या स्कॅनरला दिसत नाही ते दाखवावे, ही या कामातली अत्यंत समाधानाची घटका असते. गॅस किट बसवताना सेन्सरच्या तारा कापून टेप गुंडाळून जोडलेल्या असतील, तर शोध तिथूनच सुरू करावा. शिवाय अनेक सेन्सरांत आतली स्वच्छ हवा तारेच्या धाग्यांमधल्या फटींतूनच पोहोचते. त्यामुळे तारेला डाग दिला किंवा कपलरमध्ये ग्रीस भरले की सेन्सरचा श्वास कोंडतो. असा जोड दाबून बसवलेल्या फेरूलनेच करायला हवा.

वायरिंग निर्दोष निघूनही हीटर तुटत असेल, तर संशय पाण्यावर जातो. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण तेवढेच पाणी तयार होते. गार पाइपात ते थेंबांच्या रूपाने साठते आणि तापलेल्या झिरकोनियावर उडाले की पाणी पडून तडकणाऱ्या तापल्या मातीच्या भांड्यासारखी त्याची गत होते. दूध-भाजीपुरत्या एक-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत पाइप कधी वाळतच नाही. सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर कललेला असावा, म्हणजे थेंब त्यात न थांबता ओघळून जातात, असा दंडक त्यासाठीच आहे. पण गंजलेला पाइप बदलून नवा वेल्डिंग करणाऱ्या कारागिराला हे कोणी सांगितलेले नसते, आणि हात पोहोचेल तिथे, कधी खालच्या बाजूलाही, तो सेन्सरची जागा करून देतो. तेव्हापासून प्रत्येक नवा सेन्सर पाण्याच्या डबक्यात बसवला जातो.

काढलेल्या सेन्सरचे टोकही वाचावे लागते. कोरडी काळी काजळी जादा पेट्रोलची, तपकिरी-राखी राख जळणाऱ्या इंजिन ऑइलची. पांढरा थर दिसला तर कूलंटची पातळी आणि हेड गॅस्केट तपासावे, आणि गेल्या कामात टॅपेट कव्हरला साधे सिलिकॉन लावले होते का हे विचारावे, कारण त्याची वाफ इंजिनात ओढली जाऊन जळते आणि सेन्सरवर काचेसारखा पापुद्रा धरते. म्हणूनच काढलेला प्रत्येक सेन्सर भंगारात न टाकता, किलोमीटरचा आकडा लिहून पिशवीत ठेवणारा मिस्त्री खरा जाणकार समजावा. तीन टोके शेजारी मांडली की तिन्ही एकाच कारणाने गेली की वेगवेगळ्या, हे तिथेच दिसते.

दुरुस्ती पुरी झाली हे दिवा विझल्याने सिद्ध होत नाही, कारण संकेतांक पुसल्यावर ईसीएमच्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, आणि त्यांतल्या काही तर गार इंजिन चालू झाल्याखेरीज होतच नाहीत. त्यामुळे गाडी रात्रभर गॅरेजमध्ये उभी ठेवून सकाळच्या पहिल्या स्टार्टला स्कॅनर लावून पाहावे लागते.