घरातलं वाचन (लेखांक ७) : नगरची लेक, मद्रासचं पुस्तक

हरि केशवजींच्या ‘यात्रिक क्रमण’ या जुन्या मराठी पुस्तकावरचा मागचा लेख वाचून एका भगिनींनी विचारलं, “रात्रीच्या प्रार्थनेनंतर मुलांना वाचून दाखवायला निर्मळ असं ख्रिस्ती पुस्तक सांगा. मनात काही भलतंसलतं भरणार नाही असं.” प्रश्न आईचा आहे आणि रास्त आहे. पण त्यातल्या ‘निर्मळ’ या शब्दापाशी मी थांबले. त्याचं उत्तर शोधताना मला चेन्नईला, म्हणजे तेव्हाच्या मद्रासला, जावं लागतं.

घरोघरी वाचता येतील अशी ख्रिस्ती पुस्तकं देशी भाषांत, परवडतील अशा किमतीत काढायची, हा उद्योग त्या शहरानं फार पूर्वीपासून केला. सेंट्रल स्टेशनजवळच्या पार्क टाउनमधली ख्रिश्चन लिटरेचर सोसायटी हे त्यातलं मोठं नाव. १८५८ साली ती ख्रिस्ती देशभाषा शिक्षण संस्था म्हणून सुरू झाली, १८९१मध्ये तिचं नाव बदललं. जॉन मरडॉक या स्कॉटिश गृहस्थानं तिच्यासाठी आयुष्य वेचलं. शाळेची वाचनमाला, स्वच्छतेवरची पुस्तिका, संतचरित्र असं सगळं त्यांना छापायचं होतं. त्या कामाबद्दल मला आदर आहे. तरी त्या काळच्या बऱ्याच बोधपुस्तिकांत चांगलं मूल फार चांगलं असतं, वाईट मूल लगेच पस्तावतं, आणि आई कधी चिडत नाही. मुलं असली पुस्तकं ऐकून घेतात, पण त्यात त्यांना स्वतःचं घर दिसत नाही.

त्याच शहरात, त्याच वर्षांत, आपल्या नगरची एक मुलगी वेगळं पुस्तक लिहीत होती.

कृपाबाई खिस्ती १८६२ साली अहमदनगरला जन्मल्या. वडील हरिपंत आणि आई राधाबाई, दोघंही ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले. चौदा भावंडांत कृपाबाई तेराव्या. वडील लवकर गेले आणि मोठा भाऊ भास्कर हाच त्यांचा शिक्षक झाला. तोही तरुणपणीच गेला. मुंबईच्या शाळेत असताना डॉक्टर व्हायचं ठरलं, विलायतेला जायची शिष्यवृत्तीही समोर आली. पण प्रकृती नाजूक म्हणून ते राहिलं. मद्रास मेडिकल कॉलेजनं १८७५पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता. तिथे १८७८ साली कृपाबाई दाखल झाल्या. राहायला चिंताद्रिपेठेतल्या झायन चर्चचे पाळक डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांचं घर मिळालं. वर्षभरातच तब्येतीनं दगा दिला आणि वैद्यकी सुटली. पुढे केंब्रिजहून शिकून आलेल्या त्या घरच्या सॅम्युएल यांच्याशी १८८१मध्ये त्यांचं लग्न झालं.

‘सगुणा’ ही त्यांची आत्मचरित्रात्मक कादंबरी १८८७-८८मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात क्रमशः आली. कॉलेज तेव्हा तांबरमला गेलेलं नव्हतं, जॉर्ज टाउनमध्येच होतं. भाषा इंग्रजी, पण माणसं सगळी आपली. आणि गंमत बघा, पुस्तकाचा सुरुवातीचा भाग सगुणेचा नाहीच, तिच्या आईचा आहे. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून हादरलेली, सासर-माहेर, सोवळं-ओवळं, देव्हारा सगळं एका दिवसात परकं झालेली कोवळी राधा. ती लगेच विश्वासात येत नाही. कृपाबाईंनी तिला घाईनं गुडघ्यांवर बसवलेलं नाही. तिचं रडणं आणि तिचा राग दोन्ही आदरानं लिहिले आहेत.

मला हेच पुस्तकाचं सर्वांत ख्रिस्ती पान वाटतं. आपल्यापैकी किती घरांत एखादी पणजी अशी असेल, जिच्या बाप्तिस्म्याची तारीख मंडळीच्या वहीत सापडते, पण त्याआधीच्या रात्रींची नोंद कुठेच नाही!

‘सगुणा’ मिशनऱ्यांची स्तुती करून थांबत नाही. प्रेमानं वागवणाऱ्या गोऱ्या बायकांच्या नजरेतला वरचढपणा त्या मुलीला टोचतो, आणि ती तसं सांगते. हे मुलांना वाचून दाखवावं का? जरूर दाखवावं. उपकारकर्त्याबद्दलही खरं बोलता येतं, आणि तरी कृतज्ञ राहता येतं, हे दहा वर्षांच्या मुलाला नीट कळतं.

कृपाबाईंना एकच मूल झालं, तेही वर्षाच्या आत गेलं. त्यानंतरच्या आजारपणात त्यांनी ‘कमला’ लिहिली, दख्खनमधल्या एका हिंदू बालवधूची कथा. ही कमला शेवटी ख्रिस्ती होत नाही. लेखिकेनं तिला तिच्या जागी राहू दिलं आणि तिच्यावर माया केली. १८९४मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, कृपाबाई वारल्या. ‘सगुणा’ पुस्तकरूपात आली ती त्यांच्यामागे, १८९५ला. दुसऱ्याच वर्षी दोन्ही कादंबऱ्यांची तमिळ भाषांतरं झाली.

म्हणून त्या भगिनींना माझं सांगणं असं. निर्मळ पुस्तक म्हणजे दुःख, शंका, भांडण झाडून काढलेलं पुस्तक नव्हे. पाणी निर्मळ असलं की तळ दिसतो. ज्या पुस्तकात घराचा तळ दिसतो, ते खुशाल मुलांपुढे ठेवा.

‘सगुणा’ची ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं १९९८मध्ये काढलेली, चांदनी लोकुगे यांनी संपादित केलेली आवृत्ती ग्रंथालयात मागा. सुरुवात राधेच्या प्रकरणांपासून करा. इंग्रजी मनात वाचा आणि मुलांना मराठीत सांगा. राधाबाई नगरच्या, त्यांच्या तोंडी मराठी शब्द आपोआप येतात. एका रात्री एकच प्रसंग पुरे. आणि तो संपला की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा, आपल्या घरी हे कसं झालं होतं. ती सांगेल ते त्याच रात्री वहीत उतरवून ठेवा.

पुढच्या आठवड्यात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.