एक्सल तुटला, पण कधी?

गळीत हंगाम ऐन भरात आला की ऊसपट्ट्यातल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते. इंजिन चालू आहे, गिअर पडतोय, क्लच सोडला की खाली प्रोपेलर शाफ्टही फिरतोय. पण गाडी जागची हलत नाही. मागे ऊस भरलेला, कारखान्याची चिठ्ठी खिशात, आणि ट्रक फडाच्या बांधावर नाही तर घाटाच्या चढावर अडकलेला. "रात्री काट्यावर रिकामी केली तेव्हा एकदम व्यवस्थित होती," ड्रायव्हर सांगतो, आणि तो खरंच सांगत असतो. त्याला काही जाणवलेलं नसतं. एक्सल मात्र त्याआधी कित्येक खेपा तुटत आलेला असू शकतो.

मागचा एक्सल म्हणजे एकच लोखंडी दांडा नव्हे. बाहेरून दिसतं ते हौजिंग, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी पोकळ, जाड तुळई. तिच्या मधल्या फुगीर भागात क्राऊन-पिनियन आणि डिफरन्शियल, आणि तिथून दोन्ही बाजूंच्या चाकांपर्यंत गेलेले दोन शाफ्ट. पिनियनला ६ दात आणि क्राऊनला ४१ असतील, तर प्रोपेलर शाफ्टचे जवळजवळ सात फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. वेग सातपट घटतो, जोर सातपट वाढतो. इंजिनाचा पीळ ४०० न्यूटन-मीटर धरा, पहिल्या गिअरने तो सातपट केला आणि क्राऊन-पिनियनने पुन्हा ६.८३ पट, घर्षण सोडून दिलं तर मागे सुमारे १९,००० न्यूटन-मीटर पोचतात. म्हणजे प्रत्येक शाफ्टवर साडेनऊ हजार. मनगटाएवढ्या जाडीच्या पोलादाला हे रोज सोसायचं असतं, आणि सरळ रस्त्यावर ते सोसलं जातंही.

मोठ्या ट्रकांत मालाचं वजन या शाफ्टवर नसतं. ते हौजिंगवर, आणि हबमधल्या दोन तिरक्या रोलर बेअरिंगांवर असतं. शाफ्ट फक्त चाक फिरवतो. म्हणून तो तुटला तरी चाक जागेवर राहतं. पुष्कळ पिकअप आणि लहान टेम्पोंत मात्र शाफ्टच वजनही पेलतो. तिथे तो बेअरिंगच्या बाहेरच्या अंगाला तुटला, तर चाक ड्रमसकट निखळून रस्त्यावर पळू शकतं. आपली गाडी यांपैकी कोणत्या प्रकारची, हे प्रत्येक चालवणाऱ्याला माहीत असायलाच हवं.

सरळ रस्त्यावर टिकणारा शाफ्ट फडात का जातो? काळी माती, वापसा नाही, गाडी काठोकाठ भरलेली. एक चाक चिखलात गरागरा फिरतं, दुसरं ढिम्म. ड्रायव्हर रेस वाढवतो. फिरणारं चाक अचानक पाचटावर किंवा दगडावर पकडतं, आणि इंजिनापासून चाकापर्यंत फिरत असलेल्या सगळ्या वजनाचा झटका एका क्षणात शाफ्टवर येतो. शाफ्टला मारतो तो हा झटका. पाचट टाकायचंच तर चाक फिरायला लागण्याआधी टाकावं, क्लच हळू सोडावा, आणि गाडी निघत नसेल तर हट्ट न करता ट्रॅक्टरचं टोचन लावावं. टोचनाचे पैसे वाचवण्यासाठी एक्सल घालवणं हा व्यवहार नव्हे. टिपरवाल्यांसाठी आणखी एक: डिफ-लॉक चिखलापुरता. तो लावून डांबरी रस्त्यावर वळण घेतलं की दोन्ही चाकं एकमेकांविरुद्ध शाफ्ट पिळत राहतात.

असे झटके दरवेळी शाफ्ट तोडत नाहीत. बहुतेक वेळा ते एक बारीक भेग पाडून जातात, आणि पुढचं काम रोजचं ओझं करतं. पोलाद असं थकतं हे माणसाला फार महागात पडून कळलं. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा एक्सल तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. तुटलेला एक्सल बाहेरून धड दिसत होता. ब्रिटनमध्ये विल्यम रँकिन यांनी पुढच्याच वर्षी दाखवलं की एक्सलची जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यातून भेग हळूहळू आत सरकते, म्हणून तिथे गोलाई ठेवली पाहिजे. मग प्रशियातले रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षं एक्सल फिरवून फिरवून तोडले. एका फटक्यात तोडायला लागतं त्यापेक्षा कितीतरी कमी बळ पुन्हा पुन्हा लावलं तरी पोलाद तुटतं, हे त्यांनी आकड्यांनी मांडलं. आज ट्रकचा शाफ्ट त्याच ज्ञानावर बेतलेला असतो. आणि तरीही तो तुटला की आपल्याकडे तुकडे न बघता भंगारात जातात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण पुढचा शाफ्ट वाचवणारी सगळी माहिती त्या तुकड्यांवरच असते.

तुकडा रॉकेलने धुऊन उन्हात धरावा. तुटलेल्या तोंडाचा एक भाग गुळगुळीत, काळपट किंवा गंजलेला आणि त्यावर एका ठिपक्याभोवती अर्धगोल रेषा. उरलेला भाग खरबरीत, ताजा, चमकणारा. असं दिसलं तर शाफ्ट थकून गेला. गुळगुळीत भाग जुन्या भेगेचा, चमकणारा शेवटच्या दिवसाचा. ज्या ठिपक्याभोवती रेषा आहेत तिथे बोट ठेवावं: तिथे जुना हातोड्याचा घाव, गंजाचा खड्डा किंवा दात जिथे संपतात तो कोपरा सापडतो. उलट सगळं तोंड ताजं असेल तर एकाच झटक्यात तुटला. खडू पिळून तोडला की तिरका तुटतो, तसा कडक शाफ्ट पंचेचाळीस अंशांत तिरका तुटतो. मऊ असेल तर सपाट. त्याआधी डिफरन्शियलमध्ये बसणारे त्याचे सरळ दात पिळवटलेले दिसतात. तसे दात दिसले की चिखलात काय झालं ते ड्रायव्हरने न सांगताही कळतं.

कुठे तुटला हेही बघावं. आतल्या बाजूला, दातांपाशी तुटला तर बहुधा पिळाचा दोष: जादा वजन, झटका. बाहेर, हबला बोल्टने जोडणाऱ्या चकतीपाशी तुटला तर संशय शाफ्टवर नाही, शेजाऱ्यांवर घ्यावा. हबचं बेअरिंग सैल असेल किंवा हौजिंग वाकलं असेल, तर ज्या शाफ्टने फक्त फिरायचं तो प्रत्येक फेऱ्याला थोडा वाकतो. अशा गाडीत नवा शाफ्ट टाकला तर तोही त्याच जागी तुटणार. त्या बाजूचे टायर एकाच कडेने झिजत असतील, तर हौजिंग मापून घेतल्याशिवाय गाडी सोडू नये.

आता घाट. आंबा, कुंभार्ली, करूळ, कसारा, कुठलाही घ्या. चढावर शाफ्ट तुटला की गाडीचा जोर एका क्षणात जातो आणि ती मागे यायला लागते. ड्रायव्हरचा हात सवयीने गिअरकडे जातो, कारण बंद गाडी गिअरमध्ये टाकली की थांबते हे अंगात मुरलेलं असतं. इथे ते खोटं ठरतं. चाक आणि गिअरबॉक्स यांचा दुवाच तुटलेला असतो. डिफरन्शियलमुळे धड बाजूचं चाकही मोकळं फिरतं. उतारावर इंजिनाचा ब्रेक मिळत नाही तोही याच कारणाने, आणि सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो. एअर ब्रेकच्या ट्रकांत पार्किंग ब्रेक मागच्या चाकांवरच स्प्रिंगने लागतो, तो उपयोगी पडतो. ज्या जुन्या जीप आणि हलक्या गाड्यांचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर आहे, त्यांत तोही निकामी. म्हणून क्रम असा: पाय ब्रेकवर, पार्किंग ब्रेक ओढलेला, इंजिन चालू (म्हणजे हवा भरत राहते), आणि क्लीनरने चाकांना उटी लावायची. उटी बाजूने लावावी, गाडीच्या मागे उभं राहून कधीच नाही. क्लीनर बहुधा घरातला किंवा गावातलाच कोवळा पोरगा असतो. त्याला हे हंगामाच्या पहिल्या दिवशी शिकवायचं, चढावर ओरडून नाही.

मोठ्या ट्रकचा शाफ्ट काढायला चाक उचलावं लागत नाही, त्यामुळे चढावर जॅक लावायचा मोह टाळता येतो. हबवरचे नट खोलले, चकतीला हलके ठोके दिले की तिरके कोन सुटतात आणि शाफ्ट बाहेर येतो. येतो तो अर्धाच. उरलेला तुकडा काढायला दुसऱ्या बाजूचा शाफ्टही काढून तिकडून लांब सळईने ढकलतात. हौजिंगमध्ये एक कपचीही राहता कामा नये. राहिली तर क्राऊन-पिनियन खाऊन टाकते. गाडी ओढून न्यायची असेल तर दोन्ही शाफ्ट किंवा प्रोपेलर शाफ्ट काढूनच न्यावी, कारण चाकं फिरत राहतात, इंजिन बंद असतं आणि गिअरबॉक्सच्या वरच्या भागाला तेल मिळत नाही. शाफ्ट काढले की हबची उघडी तोंडं झाकायची, नाहीतर तेल बाहेर आणि धूळ आत.

वेल्डिंग मारून "कारखान्यापर्यंत तरी जाऊ" असं म्हणणारे भेटतात. शाफ्टचं पोलाद तापवून, झटकन थंड करून कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने ती सगळी प्रक्रिया पुसली जाते. असा शाफ्ट घेऊन घाटात जाणं म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येकाचा जीव पणाला लावणं. आणि एक शाफ्ट पीळ पडून तुटला असेल तर दुसरा तपासल्याशिवाय परत घालू नये. डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच पीळ देतं, त्यामुळे तुटलेल्याने जे सोसलं ते धड दिसणाऱ्यानेही सोसलेलं असतं.

वजनाबद्दल बोलायलाच हवं. जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली आणि दोन एक्सलच्या जोडीची १९ वरून २१ टनांवर. मर्यादा कागदावर वाढली. जुन्या गाड्यांतलं पोलाद मात्र होतं तेच राहिलं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. विम्याचा आधारही इथे नाही: नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते, म्हणजे नुसता तुटलेला एक्सल मालकाच्याच खिशातून जातो, हप्ता चालू असताना. पण सगळा दोष ड्रायव्हरच्या माथी मारू नये. खेपेवर पैसे मिळतात तिथे गाडी जादाच भरली जाते, आणि ती किती भरायची हे स्टिअरिंगवर बसलेला माणूस क्वचितच ठरवतो.

आगाऊ सूचना मिळते, ऐकली तर. वेग धरताना मागून घोंघावणारा आवाज क्राऊन-पिनियनचा. वळणावरच येणारी करकर डिफरन्शियलच्या लहान गिअरांची. गाडी उचलताना होणारा 'टक्' प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा किंवा सैल झालेल्या दातांचा. थांबल्यावर चारही हबजवळ हाताची मागची बाजू न्यावी. एकच जास्त तापला असेल तर त्याचं बेअरिंग किंवा ब्रेक चिकटतोय. चाकाच्या आतून तेल ओघळलं तर आधी हौजिंगवरचा ब्रीदर साफ करावा. तो बुजला की आतली हवा तापून तेल सीलबाहेर ढकलते, ते लायनरवर जातं आणि ब्रेक बोथट होतो.

नवा शाफ्ट घातल्यावर जुनं गिअर तेल पूर्ण काढून टाकावं, पहिली खेप हलकी भरावी आणि ती खाली केल्यावर चकतीचे नट पुन्हा आवळावेत. मग ड्रेन प्लग खोलून बघावा. त्याच्या चुंबकाला लागलेली बारीक राखाडी भुकटी चालते. बोटाला टोचणारी कपची निघाली तर डिफरन्शियल उघडल्याशिवाय दुसरी खेप भरू नये.