फोटो बाईचा की पुरुषाचा?

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो पाहिलाय कधी? नारिंगी वर्तुळ, त्यात पसरलेलं रक्तवाहिन्यांचं जाळं आणि एका बाजूला फिकट पिवळा ठिपका. हा डोळा बाईचा की पुरुषाचा, असं मुरलेल्या नेत्रतज्ज्ञाला विचारा. तो हात वर करील. २०१८ साली गूगलच्या संशोधकांनी हाच प्रश्न संगणकाला घातला. पावणेतीन लाखांहून अधिक लोकांच्या पडद्यांचे फोटो पाहून तो शिकला होता आणि क्वचितच चुकला! वयही त्याने सरासरी सव्वातीन वर्षांच्या फरकाने ओळखलं. स्त्री-पुरुष नेमके कशावरून ओळखले, हे मात्र त्याला शिकवणाऱ्यांनाही धड सांगता येईना.

अशी नजर असेल, तर ज्या डॉक्टरांचं पोट फोटो बघण्यावर चालतं, त्यांचं काय? संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी २०१६ साली सांगूनच टाकलं होतं, की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं थांबवा. पाच वर्षांत, फार तर दहा, यंत्र त्यांच्या पुढे जाईल. हिंटन यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे मात्र नीट-पीजीत वरचे क्रमांक मिळवणारी मुलं अजूनही रेडिओलॉजीच्या जागांवर उड्या टाकतात. मला त्यांचा हिशेब चुकलेला वाटत नाही. यंत्र बहुधा ठरावीक प्रश्नांचीच उत्तरं देतं. कोणता स्कॅन करायचा, जुन्या फिल्मशी ताडून काय बदललंय, सोनोग्राफीत बघत गाठीत सुई नेमकी कुठे घालायची, हे सगळं माणसाकडेच उरतं.

कामाची वाटणी मात्र बदलते. स्वीडनमध्ये मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) सहसा दोन डॉक्टर वाचत आले आहेत. तिथे ८० हजार स्त्रियांच्या चाचणीत कोणता फोटो एकाने वाचायचा आणि कोणता दोघांनी, हे यंत्राने ठरवलं. वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं आणि कर्करोग सापडण्याचं प्रमाण जराही घसरलं नाही. क्षयाच्या तपासणीत तर डॉक्टरऐवजी सॉफ्टवेअरने छातीचा एक्स-रे वाचला तरी चालेल, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२१ साली म्हटलं (वय १५ किंवा त्याहून जास्त असेल तर). मुंबईची क्यूर डॉट एआय असंच सॉफ्टवेअर बनवते. जिथे एक्स-रे वाचायला मुळात कुणी नव्हतंच, तिथे त्याने कुणाची नोकरी जाणार?

मला धास्ती वाटते ती वेगळ्याच शाखेतल्या बातमीने. पोलंडमध्ये मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणारे डॉक्टर पडद्यावर गाठी दाखवून देणाऱ्या यंत्राला सरावले. मग यंत्राविना केलेल्या तपासण्या मोजल्या. कर्करोगाकडे झुकू शकणाऱ्या गाठी आधी २८.४ टक्के तपासण्यांत सापडत. त्या आता २२.४ टक्क्यांतच सापडल्या. निव्वळ यंत्रामुळेच असं झालं, हे अजून सिद्ध नाही. पण हे डॉक्टर नवखे नव्हते. प्रत्येकाने अशा दोन हजारांहून जास्त तपासण्या केलेल्या होत्या. पहिल्या दिवसापासून यंत्राच्या सोबतीनेच शिकणाऱ्याची नजर मुळात तयार कशी होणार, याचा धडा अजून कुठल्याच अभ्यासक्रमात नीट बसलेला नाही.